दोन जोड्या आणि एक दिवाणखाना

कृष्णाकांठच्या एका गांवाहून एका एकत्र कुटुंबांतील थोरल्या सूनबाईंचें पत्र आम्हांस गेल्या महिन्यांत आलें. पत्र चांगलें सहा पानी आहे. त्यांतील खासगी भाग गाळून मुद्द्याचा मजकूर तेवढा येथें देतों. त्यांचे मामंजी गाण्याचे मोठे शौकी होते. त्यांच्या हयातींत दिवेलागणीनंतर तास-दीड तास घरांतील लहानथोर सारीं माणसें दिवाणखान्यांत बसून रेडिओ व तबकड्या ऐकत. तीन वर्षांपूर्वीं मामंजी वारले, पाठोपाठ त्यांचें जुनें यंत्रहि बंद पडलें, आणि आतां घरांतील नऊ माणसें नऊ ठिकाणीं कानांत बोंडें घालून बसतात. ‘घरांत पुन्हां गाणें लागावें’ एवढ्याच हेतूनें मामंजींनीं कांहीं रक्कम निराळी ठेविली होती. तींतून ५० वॉटचा अँप्लिफायर आणून झाला. परंतु स्पीकर कोणते घ्यावे यावरून यजमान व धाकटे भाऊजी यांच्यांत असा बेबनाव झाला आहे कीं, दोन महिने अँप्लिफायर खोक्यांतून निघालेला नाहीं व दोघे भाऊ एका पंक्तीस बसत नाहींत. सासूबाईंचें वय ७९. त्यांस कमी ऐकूं येतें. त्या म्हणतात, “काय आणायचें तें आणा, पण मला ऐकूं येतें आहे तोंवर आणा.”

या शेवटच्या वाक्यामुळेंच पत्रास रांगेबाहेर उत्तर देत आहों.

प्रथम त्या दोन जोड्यांचा परिचय. थोरल्यांची पसंती केईएफ या इंग्लिश कारखान्याच्या ‘क्यू ९५०’ या जोडीस आहे. त्या मालिकेची पुढची पिढी २०२४ सालीं निघाल्यामुळें दुकानदार आपली शिल्लक जोडी सवलतीनें देण्यास तयार आहे. धाकट्यांचा ओढा क्लिप्श या अमेरिकन कारखान्याच्या ‘आरपी ८००० एफ’ या जोडीच्या दुसऱ्या आवृत्तीकडे आहे. दोन्ही पेट्या साडेतीन फुटांच्या आसपास उंच, जमिनीवर उभ्या राहणाऱ्या. बाजारांत यांस टॉवर स्पीकर म्हणतात. सवलत धरतां किंमतींत फारसें अंतर उरलेलें नाहीं, हें एक बरें झालें. पैशाचा मुद्दा निघून गेला म्हणजे वाद निदान शुद्ध होतो.

संगीतांत जशीं घराणीं असतात तशींच हीं दोन घराणीं समजावीं. क्लिप्शचें घराणें कर्ण्याचें. पॉल क्लिप्श या इंजिनियरानें १९४६ सालीं अमेरिकेंतील आर्कान्सा प्रांतांत होप नांवाच्या लहानशा गांवीं हा धंदा काढला. त्याची पहिली प्रसिद्ध पेटी खोलीच्या कोपऱ्यांत ठेवावयाची असे. कोपऱ्याच्या दोन भिंती हाच त्या कर्ण्याचा पुढचा विस्तार, अशी ती योजना होती. कर्ण्याचें तत्त्व आमच्या वाचकांस नवें नाहीं. गुराखी तोंडाशीं दोन्ही हातांचा पेला करून हांक मारतो, जुन्या ग्रामोफोनवर पितळी कर्णा असे, तेंच हें. लहानशा पडद्याची थोडी हालचाल कर्ण्याच्या योगें पुष्कळ हवेस धक्का देते; म्हणून आवाज थोड्या शक्तींत मोठा, तत्पर व ठसठशीत निघतो. धाकट्या भाऊजींच्या जोडींत सर्व पेटी कर्ण्याची नाहीं; उंच स्वर काढणाऱ्या ट्वीटरपुढें तेवढा कर्णा आहे व त्याखालीं आठ आठ इंचांचे दोन साधे वूफर आहेत.

केईएफचें घराणें निराळें. रेमंड कुक या गृहस्थानें तें १९६१ सालीं इंग्लंडांतील केंट परगण्यांत मेडस्टोन गांवाजवळ स्थापिलें. त्याची मोठी कल्पना पुढें १९८८ मध्यें आली: ट्वीटर वेगळा वर न ठेवतां मोठ्या पडद्याच्या अगदीं मध्यभागीं, फुलांत केसर असावा तसा बसवावयाचा. निओडिमियम धातूचें लहान पण जबर लोहचुंबक मिळूं लागलें, तेव्हां ट्वीटर इतका लहान करतां आला व ही रचना साधली. या रचनेस कारखाना ‘युनि-क्यू’ म्हणतो. हेतु असा कीं, खर्ज व टीप एकाच बिंदूपासून निघावी. गवयाच्या मुखांतून निघते तशी. क्यू ९५० मध्यें वरच्या बाजूस हा जोडपडदा, खालीं खर्जासाठीं एक वूफर, आणि शिवाय दोन निष्क्रिय पडदे आहेत. या दोन पडद्यांस वीज जात नाहीं. पेटींतील हवेच्या दाबानें ते हालतात व खर्जास हातभार लावतात.

आतां वादाकडे वळूं. सूचीकटाहन्यायानें सोपें काम आधीं उरकावें. धाकट्यांचा मुख्य मुद्दा आंकड्यांचा आहे. ठराविक वीज दिली असतां एक मीटर अंतरावर किती आवाज होतो, याचा कारखान्यानें दिलेला आंकडा क्लिप्शचा ९८ डेसिबेल व केईएफचा ९१ डेसिबेल असा आहे. भाऊजी म्हणतात, सात डेसिबेल म्हणजे पांचपट शक्ति, मग वाद कसला? गणित बरोबर आहे. सात डेसिबेलला शक्ति पांचपटच लागते. परंतु पांचपट कशाची, हें त्यांनीं पाहिलें नाहीं. ९१ आंकड्याच्या दोन पेट्यांना एक एक वॉट दिला, तर दहा फुटांवर बसलेल्या माणसास आवाज सुमारें ८५ डेसिबेलचा पोंचतो. घरांतील साधें संभाषण साठांच्या आसपास असतें. म्हणजे एका वॉटांतच दिवाणखान्यांत बोलणें अशक्य होईल. तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळीस आणखी पांच-दहा वॉट राखून ठेवा. तरी अँप्लिफायर ५० वॉटचा आहे. येथें ९८ कीं ९१ ही चर्चा निव्वळ काकदंतपरीक्षा होय. शिवाय कारखानदाराचा आंकडा व तटस्थ माणसानें केलेलें मोजमाप यांत दोन-चार डेसिबेलांचें अंतर निघणें या व्यापारांत असामान्य नाहीं. पांच-सात वॉटचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर असता किंवा गणेशोत्सवाचा मांडव असता, तर आम्हीं भाऊजींच्या बाजूनें कौल दिला असता.

परंतु हाच आंकडा दुसऱ्या एका जागीं फार उपद्रवी ठरतो, आणि ती जागा म्हणजे दुकान. पत्रांत लिहिलें आहे कीं दोघे भाऊ पुण्यास जाऊन दोन्ही जोड्या ऐकून आले. क्लिप्श लावतांच “गाणें एकदम जिवंत झालें” असें धाकट्यांस वाटलें. वाटणारच. दुकानदारानें अँप्लिफायरचा खटका जेथल्या तेथें ठेवून केवळ जोडी बदलली असेल, तर दुसरी जोडी कानास दीडपट मोठी लागली असेल. मनुष्याच्या कानाची खोड अशी आहे कीं, दोन आवाजांत जो किंचित् मोठा तो त्यास अधिक स्पष्ट, अधिक भरदार व अधिक चांगला वाटतो. एका डेसिबेलचा फरकहि हा भ्रम उत्पन्न करितो. येथें तर तो सातांचा आहे. म्हणून दोन्ही जोड्यांचा आवाज बैठकीच्या जागीं मोजून सारखा केल्यावांचून केलेली कोणतीहि तुलना आम्ही मानीत नाहीं. यास मोठें यंत्र लागत नाहीं. हल्लीं प्रत्येकाच्या फोनमध्यें आवाज मोजण्याची सोय उतरवून घेतां येते. धबधब्यासारखा एकसारखा आवाज दोन्हींवर लावावा व आंकडा जुळवून घ्यावा. फोनचा आंकडा स्वतः अचूक नसला तरी हरकत नाहीं. एकाच फोननें दोन्ही मोजल्या म्हणजे झालें.

थोरल्यांचा मुद्दाहि आम्हांस जशाचा तसा मान्य नाहीं. “इंग्लिश आवाज सौम्य व आपल्या गाण्यास योग्य” असें ते म्हणतात. आवाजाला देश चिकटवूं नये. आपल्या गाण्यास काय लागतें हें स्वरांवरून ठरवावें. काळी एक धरून गाणाऱ्या गवयाचा षड्ज सुमारें १३९ हर्ट्झचा. त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९ च्या आसपास. काळी पांच धरणाऱ्या गायिकेची खर्जाची तार ११७ च्या घरांत. डग्ग्याचा घुमारा याच शेजारीं. दोन्ही जोड्या ५० च्या खालीं सहज उतरतात. तेव्हां खर्जाच्या बाबतींत कोणासहि उणें म्हणतां येत नाहीं. खरी कसोटी वरच्या बाजूस आहे. तंबोऱ्याची जवारी म्हणजे उपस्वरांचा एक सबंध मेळा. षड्जाच्या तारेंतून गांधार ऐकूं येतो तो त्या मेळ्यांतूनच. तो मेळा एकजीव राहतो, कीं तारांचा खणखणाट तेवढा वेगळा पुढें येतो, हें ऐकावें.

आणखी एक परीक्षा आम्ही नेहमीं सुचवितों: घरांतील सर्वांत जुनी तबकडी. अब्दुल करीमखांसाहेब १९३७ मध्यें गेले. त्यांच्या मुद्रिकांच्या ज्या प्रती आज मिळतात त्यांत मूळ तबकडीची खरखर आहेच. जी जोडी त्या खरखरीस पाठीमागें बसवून कंठ पुढें आणते ती वृद्धांच्या घरास उपयोगी. जींत खरखर व कंठ एकाच रांगेंत येऊन बसतात ती नव्या ध्वनिमुद्रणांवर कितीहि दिपवो, अशा घरांत पंधरवड्यांत बंद पडते. दोन्ही जोड्या आम्हीं निरनिराळ्या घरीं ऐकल्या आहेत. या परीक्षेंत केईएफ सरस वाटली. तबल्याचा स्वतंत्र ठेका ऐकतांना मात्र क्लिप्शच्या थापेंतील ताजेपणा आमच्या मनांत भरला, हेंहि प्रामाणिकपणें नमूद करितों. भाऊजींचे कान वाईट नाहींत.

आतां दिवाणखाना. दोघां भावांच्या वादांत ज्याचें नांवहि आलें नाहीं तो तिसरा पक्ष हाच, आणि निकाल पुष्कळसा त्याच्याच हातीं आहे. सूनबाईंनीं मापें दिलीं आहेत: लांबी १५ फूट, रुंदी १२, उंची १०, खालीं शहाबादी फरशी, भिंती उघड्या, एका बाजूस झोपाळा, मागच्या दारांतून स्वयंपाकघर. प्रत्येक खोलीस तिचा स्वतःचा नाद असतो. घागरींत तोंड घालून निरनिराळे स्वर काढले असतां एखाद्याच स्वरास ती घुमते, तसें. ध्वनीचा वेग व भिंतींमधील अंतर यांवरून हिशेब करतां या खोलीचे पहिले नाद ३८, ४७ व ५७ हर्ट्झच्या आसपास येतात, आणि लांबीचा दुसरा ७६ वर येतो. तो तंबोऱ्याच्या खर्जाच्या व डग्ग्याच्या अगदीं शेजारीं आहे. परिणाम असा कीं, कोणतीहि जोडी आणली तरी भिंतीला टेकून बसणाऱ्यास डग्गा फुगलेला व दुसऱ्या एखाद्या जागीं बसणाऱ्यास तो रोडका लागेल. हा दोष पेटीचा नव्हे. पेट्या भिंतीपासून दोन फूट पुढें घेतल्या व बसण्याची जागा फूटभर इकडे-तिकडे केली, तर जो फरक पडतो तो एक जोडी बदलून दुसरी आणल्यानें पडणार नाहीं. पेट्या कोपऱ्यांत मुळींच कोंबूं नयेत. क्लिप्शच्या जोडीचें हवेचें भोंक पाठीमागें आहे, म्हणून तिला मागें जागा अधिक लागेल. केईएफचे सारे पडदे पुढच्या अंगास आहेत. ज्या घरांत येणाराजाणारा पेटी भिंतीकडे सरकवीत असतो त्या घरांत हा फरक लहान नाहीं.

शहाबादी फरशी व उघड्या भिंती यांमुळें या खोलींत उंच स्वर टणाटणा परततात. मध्यभागीं उभें राहून एक टाळी वाजवून पहावी. टाळीमागें बारीक झणकार राहत असेल तर प्रथम त्याची सोय लावावी. जाड सतरंजी, पुस्तकांचें उघडें कपाट, खिडकीस जड पडदा, एवढ्यानें पुष्कळ काम होतें. रकमेंतील थोडा भाग याकरितां राखून ठेवावा. ही सोय न करतां क्लिप्श आणली तर तिचा तजेला या खोलींत कर्कश होण्याचा संभव अधिक.

पण आमच्या कौलाचें खरें कारण बैठकीचें आहे. परदेशीं ही यंत्रें बनतात तीं एका खुर्चीवर, ठराविक उंचीवर, दोन्ही पेट्यांच्या बरोबर मध्यें बसणाऱ्या एका माणसासाठीं. आमच्या पत्रलेखिकेच्या घरीं ऐकणारीं माणसें नऊ. तिघें-चौघें सतरंजीवर मांडी घालून, त्यांचा कान जमिनीपासून अडीच फुटांवर. दोघें खुर्चीवर. सासूबाई झोपाळ्यावर, एका बगलेस. मुलें कोठेंहि. आणि स्वयंपाकघरांत जें कोणी असेल तें दाराआडून. ज्या पेटींत ट्वीटर वर व वूफर खालीं असतो तींत दोघांचा आवाज कानापर्यंत निरनिराळें अंतर तोडून येतो. कान ट्वीटरच्या उंचीस असेल तर तें अंतर कारखान्यांत जुळविलेलेंच असतें; तीन फुटांवरील ट्वीटरखालीं जवळ मांडी घालून बसलें कीं तें बिघडतें, आणि जो भाग दोघे मिळून गातात तेथें एकाची लाट दुसऱ्याच्या लाटेस खाऊन टाकते. जोडपडद्याच्या रचनेंत दोघांचें स्थान एकच असल्यामुळें उभें रहा, बसा, बाजूस सरका, आवाजाचा रंग फारसा पालटत नाहीं. एका रसिकाच्या खोलीस क्लिप्श शोभेल. भारतीय बैठकीस व नऊ माणसांच्या घरास आम्हांस केईएफ अधिक योग्य दिसते. पेटीखालील पुढचे खिळे किंचित् आंत फिरवून पेटीचें तोंड जरा खालीं झुकवावें, म्हणजे सतरंजीवरील मंडळींचीहि सोय होते.

आतां सासूबाईंविषयीं. धाकट्यांनीं असें सुचविलें आहे कीं आईला उंच स्वर ऐकूं येत नाहींत, म्हणून उंच स्वर प्रखर असलेली जोडी तिला बरी. मातृप्रेमानें सुचविलेली ही गोष्ट उलट फळ देण्याची भीति आहे. वयपरत्वें जो बहिरेपणा येतो त्यांत उंच स्वर प्रथम जातात हें खरें. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘ट’ हीं व्यंजनें निसटतात, म्हणून “आवाज येतो पण शब्द कळत नाहीं” अशी तक्रार असते. परंतु त्याच कानास जो उंच स्वर अखेर पोंचतो तो एकदम टोंचतोहि; ऐकूं न येणें व सहन न होणें यांत अंतर फार थोडें उरतें. तेव्हां प्रथम त्यांच्या कानांची तपासणी करून घ्यावी व त्या आलेखानुसार श्रवणयंत्र बसवावें. स्पीकर हें त्याचें औषध नव्हे. दुसरें, आणि हें बिनखर्चाचें, त्यांची जागा बदलावी. उघड्या हवेंत अंतर निम्मे केलें कीं सरळ येणारा आवाज सहा डेसिबेल वाढतो. खोलींत भिंतींवरून उशिरां परतणारा गोंधळ मात्र तेवढा वाढत नाहीं. झोपाळा दहा फुटांवर आहे. त्यांची खुर्ची पांच-सहा फुटांवर, जरा मध्याकडे आणून ठेवा. बारा वर्षें झोपाळ्यावर बसण्याची संवय आहे, त्या कुरकुरतील. “येथें बसलें कीं शब्द कळतात” असें एकदां प्रत्ययास आलें म्हणजे आपणच तेथें येऊन बसतील.

निकाल मात्र आमच्या लिहिण्यावर करूं नये. दुकानदार शहाणा असेल तर दोन्ही जोड्या दोन दिवस घरीं देईल. अनामत ठेवून घेईना कां. पुढें विरळ विणीचें धोतर पडद्यासारखें टांगावें, आवाज फोननें सारखा करावा, आणि कोणती जोडी चालू आहे हें फक्त सूनबाईंस ठाऊक असावें. नऊहि माणसांनीं आपापल्या नेहमींच्या जागीं बसून चार चिजा ऐकाव्या व चिठ्ठीवर ‘पहिली’ किंवा ‘दुसरी’ एवढेंच लिहावें. सासूबाईंच्या चिठ्ठ्या दोन धराव्या. दोघां भावांनीं निकाल लागेपर्यंत जोडीचें नांव उच्चारूं नये. क्लिप्श निवडून आली तर आम्हांस यत्किंचित् वाईट वाटणार नाहीं. सतरंजी व जाड पडदा तेवढा दुप्पट तत्परतेनें आणावा.

कांहीं किरकोळ गोष्टी. घरांत अडीच वर्षांचें मूल आहे असें पत्रांत ओझरतें आलें आहे. क्यू ९५० वरील जाळी पेटीबरोबर येत नाहीं, ती निराळी विकत घ्यावी लागते. क्लिप्शबरोबर ती येते. जाळीवांचून पडद्याच्या मध्यावर बोट जाण्यास एक दुपार पुरे. दोन्ही पेट्या उंच व निमुळत्या असल्यामुळें मूल धरून उभें राहूं लागलें तर कलंडतील. खालचा रुंद पाया बसवावाच, व शक्य तर मागून पट्टीनें भिंतीस अडकवाव्या. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आमच्या शहरी वाचकांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं खर्ज हवेंतून जितका जातो तितकाच स्लॅबमधूनहि जातो; रात्रीं दहानंतर टॉवरखालीं जाड रबर असलें तरी खटका खालींच ठेवावा.

तारेविषयीं भाऊजींनीं जो खर्च मांडला आहे तो सर्वस्वीं अनावश्यक आहे. पंधरा फुटांच्या अंतरास अडीच चौरस मिलिमीटर जाडीची साधी तांब्याची दुपदरी तार पुरते. विजेच्या कोणत्याहि दुकानांत मिळते. जोडतांना मात्र दोन्ही पेट्यांत लाल टोंक लाल खुंटीस व काळें काळ्या खुंटीस गेलें आहे हें दोनदां पहावें. एका पेटींत तें उलट झालें तर एक पडदा पुढें येतांना दुसरा मागें जातो, डग्गा नाहींसा होतो, आणि गवई मध्यें न बसतां सगळ्या खोलीभर विखुरल्यासारखा ऐकूं येतो. तसें झालें तर एकाच पेटीच्या तारा अदलाबदल कराव्या. दोन्हींच्या करूं नयेत.